कापसहेडा हद्द

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

पगार झाल्यानंतरच्या रविवारी कापसहेड्यातल्या बायका पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. सरकारी कचेरीत हिशेबाचं काम केलेलं असल्यामुळे त्या वाचायचं काम माझ्याकडे. आज गर्दी कमी होती. छठसाठी गावी गेलेले बरेचजण बिहारच्या मतदानासाठी तिकडेच थांबलेत. दुसरा टप्पा परवा आहे.

दरभंग्याकडची एक मुलगी बसली होती. उद्योग विहारमधल्या तयार कपड्यांच्या कारखान्यात ती धागे कापते, म्हणजे हेल्पर. चिठ्ठीवर मूळ पगार अकरा हजारांच्या थोडा वर. त्यातून पीएफचे बारा टक्के गेले, साधारण साडेतेराशे. ईएसआयचे ऐंशीएक रुपये गेले. हातात दहा हजारांच्या आतच. ओव्हरटाइमचे तास लिहिले आहेत, पण दर एकेरी. कायदा दुप्पट देतो. ती म्हणाली, "इथे सगळीकडे सिंगलच मिळतो, मॅडमजी."

खोलीभाडं चार हजार. तिघी मिळून राहतात. लांबच लांब इमारती, ओळीने खोल्या, मजल्याला एखाददोन नळ, विजेचं युनिट मालक ठरवेल त्या भावाने. कित्येक मालकांचं तळमजल्यावर किराणा दुकान असतं आणि माल तिथूनच घ्यायचा, अशी न लिहिलेली अट असते. उधारी मिळते, म्हणून कोणी फार बोलत नाही.

चिठ्ठी घडी करता करता तिने विचारलं, "खोली दिल्लीची, पगार हरियाणाचा. असं का?"

कापसहेडा दिल्लीत आहे, उद्योग विहार गुरुग्राममध्ये. मध्ये एक रस्ता. सकाळी हजारो माणसं तो चालत ओलांडतात. दिल्लीत अकुशल कामगाराचं किमान वेतन एप्रिलपासून १८,४५६ रुपये आहे, दिवसाला ७१०. हरियाणात त्याच कामाचे अकरा हजारांच्या आसपास आणि उत्तर प्रदेशात, म्हणजे नोएडा-गाझियाबादला, जवळपास तेवढेच. महिन्याला सात हजारांचा फरक. वर्षाला ऐंशी हजारांच्या वर जातो. पीठ, तेल, गॅस, डॉक्टर यांचे भाव रस्ता ओलांडल्यावर बदलत नाहीत.

राज्यं वेगळी, म्हणून दर वेगळे, असं मी तिला सांगितलं. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर बरोबर आहे. तिचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

घसा धरला आहे. मंगळवारपासून प्रदूषणावरच्या निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला आणि बांधकामं बरीचशी थांबली. लेबर चौकात सकाळी दहानंतरही माणसं उभी होती. गवंडी, बिगारी, रंगारी, जवळ डबा. काम बंद म्हणजे मजुरी बंद. नोंदणी झालेल्या बांधकाम मजुरांना सरकारने भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने मागेच बजावलं आहे, पण चौकात उभ्या असलेल्यांतल्या कितीजणांकडे नोंदणीचं कार्ड असणार?

बांधकामं थांबवण्याचा हा आदेश देणारा हवा गुणवत्ता आयोग २०२१ च्या कायद्याने आला. त्याचं कार्यक्षेत्र सबंध राजधानी परिसर: दिल्ली, हरियाणाचे १४ जिल्हे, उत्तर प्रदेशाचे ८, राजस्थानचे २. हवा राज्याची हद्द मानत नाही हे सर्वांना पटलं, म्हणून एक आयोग झाला आणि त्याचा आदेश सोनीपतपासून नोएडापर्यंत एकाच दिवशी लागू होतो. त्याआधी, १९८५ मध्येच, रस्ते आणि जमिनीच्या नियोजनासाठी राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा झाला होता. म्हणजे रस्ते एकत्र, जमीन एकत्र, हवा एकत्र. मजुरी तेवढी चार ठिकाणी वेगवेगळी ठरते.


शनिवार, २२ नोव्हेंबर

काल चारही श्रम संहिता देशभर लागू झाल्याचं केंद्राने जाहीर केलं. वेतन संहिता संसदेने २०१९ मध्येच मंजूर केली होती. ती अमलात यायला सहा वर्षं लागली. १९४८ चा किमान वेतन कायदा आता तिच्यात विलीन झाला.

आज दिवसभर संहिता घेऊन बसले. जुन्या कायद्यात अनुसूचीतल्या उद्योगांनाच किमान वेतन लागू होतं, आता सर्व उद्योग-व्यवसाय त्यात आले. ही मोठी आणि चांगली गोष्ट आहे, ती मोकळेपणाने मान्य करावी. कामगार संघटनांचे आक्षेप बाकी कलमांवर आहेत आणि त्यातले बरेच मलाही पटतात. दंडाचंच बघा. किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड. पाच वर्षांच्या आत पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिल्लीने जुन्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून तीन वर्षांपर्यंत कैद आणली होती. त्या मानाने हे पाऊल मागे आहे.

कलम ९ वर पेन्सिलीने रेघ मारली. केंद्र सरकारने किमान वेतनाचा तळ ठरवायचा, कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही, आणि ज्यांचा दर आधीच जास्त आहे त्यांना तो कमी करता येणार नाही. पुढे एक परंतुक आहे: वेगवेगळ्या भौगोलिक क्षेत्रांसाठी वेगवेगळा तळ ठरवता येईल. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या परंतुकात आहे.

आतापर्यंत या तळाला कायद्याचा आधार नव्हता, आणि आकडाही लाजिरवाणा होता. २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये. अनूप सत्पथी यांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या जानेवारीत अहवाल दिला: जुलै २०१८ च्या भावांनी दिवसाला ३७५ तरी हवेत, महिन्याला ९,७५०. त्याच वर्षी तळ वाढला, तो दोन रुपयांनी. १७८ झाला.

आकडा कसा काढतात याची रीत जुनीच आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ती घालून दिली. कमावणारा, त्याची बायको आणि मुलं मिळून तीन एककं धरायची, एककाला दिवसाचे २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन-दिवाबत्ती वगैरेंना वीस टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पंचवीस टक्के जोडले: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण. हे वाचताना माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेला हिशेब आहे असं जाणवतं. पण वेतन संहितेच्या २०२० च्या मसुदा नियमांत घरभाडं किती धरलं होतं? अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या दहा टक्के. अन्न-कापडाला दहा हजार धरले तर भाडं एक हजार. कापसहेड्यात हजार रुपयांत नळाजवळची खोलीसुद्धा मिळत नाही, खाटेपुरती जागा मिळते.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

वझीरपूरला एका जुन्या परिचितांकडे गेले होते. स्टीलच्या भांड्यांचा लहान कारखाना, वीसेक माणसं. माणूस सरळ आहे. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण या वादात मालकाची बाजू ऐकूनच घेत नाहीत अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

"मी दिल्लीचा दर देतो. माझा शेजारी देत नाही. कुंडलीवाल्याला तर द्यायचाच नाही, तो सिंघू हद्दीच्या पलीकडे, हरियाणात आहे. बाजार मात्र आम्हा तिघांचा एकच, सदर बझार. व्यापारी ताटामागे पन्नास पैशांसाठी घासाघीस करतो. माझा दर वाढला तर मी माल कोणाला विकू?"

त्यांना २०१७ चं सगळं आठवतं. मार्चमध्ये दिल्ली सरकारने किमान वेतन एकदम सदतीस टक्क्यांनी वाढवलं. अकुशलांचं ९,७२४ वरून १३,३५० झालं. उद्योजकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ४ ऑगस्ट २०१८ ला न्यायालयाने अधिसूचना रद्द केली: समितीची रचना नीट नव्हती, मालकांना पुरेसं ऐकलं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने वाढीव दर चालू ठेवायला सांगितले आणि प्रक्रिया नव्याने करा म्हटलं. नव्या समितीनंतर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये १४,८४२ चा आकडा मंजूर झाला. अडीच वर्षं हे चाललं. आणि इतकं होऊन शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच निघाला.

वाढलं की रोजगार जातो, हे त्यांचं दुसरं म्हणणं. मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी हद्दीच्या दोन्ही बाजूंची चारशेवर उपाहारगृहं तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. त्यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले, इतरांनी वेगळे आकडे काढले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. त्या अभ्यासावरून दिल्लीचा निकाल लागत नाही हे मला कळतं. उपाहारगृह हद्द ओलांडून जात नाही, गिऱ्हाईक तिथेच जेवतं. भांड्यांचा कारखाना मात्र ट्रकमध्ये बसून कुंडलीला जाऊ शकतो. म्हणूनच मी त्यांना विचारलं, "कुंडलीचा आणि नोएडाचा दर दिल्लीइतका झाला तर?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग माझी तक्रार नाही. सगळ्यांना एकच असेल तर मी देईन."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. वाढीच्या विरोधातली सर्वांत खरी हरकत ही शेजारच्या स्वस्त मजुरीची आहे. तिच्यावरचा इलाज दिल्लीचा दर खाली आणणं हा नाही.

घरी येऊन गजेंद्रगडकरांचे जुने निकाल काढले. आपले साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. १९६१ मध्ये केरळातल्या कौलांच्या कारखानदारांनी, आम्हाला परवडत नाही, म्हणून किमान वेतनाला आव्हान दिलं होतं. त्या खटल्यात त्यांनी स्पष्ट केलं की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. जो उद्योग जगण्यापुरतंही देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही, हे त्यांनी त्याआधीच एका निकालात म्हटलेलं होतं. पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे ते अध्यक्ष झाले. १९६९ च्या अहवालात आयोगाने सगळ्या देशाला एकच आकडा लावणं व्यवहार्य नाही म्हटलं, आणि सारखी परिस्थिती असलेल्या प्रदेशांसाठी प्रादेशिक किमान दराची वाट सुचवली. तो विचार राज्याच्या आतल्या प्रदेशांचा होता. पण सारख्या परिस्थितीचा प्रदेश दाखवा म्हटलं तर राजधानी परिसरापेक्षा चांगला कुठला दाखवणार?


बुधवार, २६ नोव्हेंबर

जंतर मंतरवर केंद्रीय संघटनांची निदर्शनं. महिन्याला २६ हजार किमान वेतनाची मागणी ९ जुलैच्या संपापासून घोषणांत आहेच. आकडा मोठा वाटतो, पण चौघांच्या कुटुंबाचा दिल्लीतला महिना कोणीही मांडून बघावा.


रविवार, ३० नोव्हेंबर

करोल बागेत गलाईवाल्यांकडे जाऊन आले. खानापूर, आटपाडी, विट्याकडची आपली माणसं दुष्काळामुळे गाव सोडून भारतभर सोनं गाळण्याच्या धंद्यात गेली, त्यांतली बरीच दिल्लीत स्थिरावली. कष्टाने वर आली, याचा मला अभिमान आहे. दुकानात काम करणारी पोरंही गावाकडचीच, पुष्कळदा नात्यातली.

माडीवर एक पोरगा भट्टीजवळ बसला होता, विशीचा. तेजाबाचा वास डोळ्यांना झोंबत होता. "काकू, जेवण-राहणं शेठकडंच आहे," तो म्हणाला. पगार वर्षाचा ठरतो, सणाला गावी जाताना मिळतो. हजेरीपुस्तक नाही, चिठ्ठी नाही, पीएफ नाही. किती तास काम, या प्रश्नाचा त्याला अर्थच लागेना; उठल्यापासून झोपेपर्यंत.

मालकांशी बोलले. "घरचंच पोरगं आहे, ताई. त्याला उद्या धंदा शिकवून उभं करणार." हे खरं आहे, ते स्वतः असेच उभे राहिले. तरी मी त्यांना सांगितलं की जेवण आणि माडीवरची झोपायची जागा देऊन किमान वेतन फिटत नाही. नात्यातला आहे म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. उलट, नात्यातला आहे म्हणून तो मागणार नाही, हे आपल्याला माहीत असतं. त्याचा पगार दरमहा त्याच्या बँकेच्या खात्यात जायला हवा. परप्रांतात आपल्या माणसांवर अन्याय झाला की आपण बोलतो. आपल्या माडीवर काय चाललं आहे यावरही बोलायला हवं. त्यांनी चहा दिला, बघतो म्हणाले.


शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी २६, अलीपूर रोड. बाबासाहेब १९५६ मध्ये आजच्याच तारखेला या जागेवरच्या बंगल्यात गेले. आता तिथे पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. नागपूरहून आलेली काही कुटुंबं भेटली, मराठीत बोलून बरं वाटलं.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ११ एप्रिल १९४६ रोजी केंद्रीय विधिमंडळात किमान वेतनाचं विधेयक त्यांनी याच शहरात मांडलं. ते कायदा होऊन लागू झालं १५ मार्च १९४८ ला, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. आपल्याकडच्या फारच थोड्या भाषणांत हे येतं. संविधानाबद्दल बोलतात, ते बोललंच पाहिजे. पण आज एखाद्या पोराला ७१० रुपये मागता येतात ते त्या विधेयकामुळे, हेही सांगितलं पाहिजे.

संविधान आणि मजुरी यांची गाठ पुढे याच शहरात पडली. १९८२ च्या एशियाडसाठी मैदानं आणि उड्डाणपूल बांधायला बाहेरून मजूर आणले होते. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे; जमादार त्यातला रुपया कापून घेत. लोकशाही हक्कांसाठी काम करणारी पीयूडीआर ही संघटना न्यायालयात गेली. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं म्हणजे वेठबिगारी. कलम २३ चा भंग. उपासमारीपोटी माणूस कमी मजुरीला तयार होतो, ती त्याची मर्जी धरता येत नाही. तो एक रुपया आज वेगळ्या वाटेने कापला जातो. ठेकेदार पूर्ण पगार बँकेत भरतो, कागद स्वच्छ राहतो, आणि संध्याकाळी चारपाच हजार रोख परत मागतो. काही ठिकाणी एटीएम कार्डच त्याच्या खिशात असतं. हे ज्यांच्याशी झालं त्यांच्या तोंडून मी ऐकलं आहे.


सोमवार, ८ डिसेंबर

२०१९ मध्ये आजच्या पहाटे अनाज मंडीतल्या कारखान्याला आग लागली, ४३ माणसं गेली. बहुतेक झोपेत होती. ज्या जागी काम करायचे तिथेच झोपायचे, कारण वेगळी खोली घेऊन गावी पैसे पाठवता येत नसत. किमान वेतनात घरभाडं का धरतात ते इथे कळतं.


रविवार, १४ डिसेंबर

प्रदूषणाच्या निर्बंधांचा चौथा टप्पा कालपासून. बाहेर काही दिसत नाही, आणि फाटकावरचा पहारेकरी शेकोटीशिवाय उभा आहे.

आज आमच्या सोसायटीची सभा झाली. पहारेकऱ्यांच्या ठेक्याचं नूतनीकरण होतं. तीन एजन्सींचे दर आले होते आणि सर्वांत कमी दराला लगेच माना डोलल्या. मी कागद मागितला आणि सर्वांसमोर बेरीज केली. बारा तासांची पाळी, दिल्लीचा दर, जास्तीच्या तासांचे दुप्पट, पीएफ आणि ईएसआयचा मालकाचा वाटा. सर्वांत कमी दरात तो हिशेब बसूच शकत नव्हता. म्हणजे माणसाला कमी मिळणार हे ठरवूनच तो दर लिहिला होता, आणि आपण सही करून त्याला संमती देणार होतो. थोडी कुरबुर झाली. देखभाल खर्च घरटी किती वाढेल ते मी सांगितलं: एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून कमी. ठराव झाला की ठेक्यात किमान वेतनाची अट घालायची आणि पहारेकऱ्यांच्या बँक खात्याचे उतारे दर तिमाहीला त्यांना स्वतंत्र भेटून तपासायचे.

केंद्राने कलम ९ खाली सबंध राजधानी परिसरासाठी एकच तळ ठरवावा, दिल्लीच्या दरापेक्षा खाली नको, अशी मागणी करणारं पत्र आज रात्री लिहून पूर्ण केलं. श्रम मंत्रालयाला आणि या भागातल्या खासदारांना उद्या टपालात पडेल. नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबादला राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या नावाने असंच पत्र पाठवावं. आणि तुम्ही पुण्यात असा की नाशकात, सोसायटीच्या पुढच्या सभेत पहारेकऱ्याच्या आणि सफाई कामगाराच्या हाती प्रत्यक्ष किती रुपये पडतात ते विचारा. एजन्सीला नाही, त्यांनाच विचारा.